बीटाला विरजण कोणी लावलं?

स्वयंपाकघरातल्या इतिहासाच्या या मालिकेत आजचा विषय आहे बीट. कोशिंबिरीतलं उकडलेलं बीट आपल्या ओळखीचं आहेच. आज बोलायचं आहे ते मिठाच्या पाण्यात आंबवलेल्या बीटाबद्दल. हल्ली शहरांत त्याचं लालभडक आंबट पाणी बाटलीत विकत मिळतं, हौशी मंडळी घरी बरण्या भरतात, आणि मला एक प्रश्न सारखा विचारला जातो: बीट आंबवायला विरजण कुठलं घालायचं? कोणी सांगतं, चक्क्याचं पाणी घाला. कोणी म्हणतं, मागच्या बरणीतलं पाणी राखून ठेवा. कोणी जिवाणूंच्या भुकटीचं पाकीट मागवतं.

प्रश्न साधा आहे, पण त्यात एक गोष्ट आपण धरून चाललो आहोत: विरजण लागतंच. दूध तापवून कोमट करायचं, त्यात चमचाभर दही घालायचं, हे पिढ्यान् पिढ्या पाहिल्यामुळे आंबवणं म्हणजे विरजणं असं समीकरण आपल्या डोक्यात बसलं आहे. बीटाचा इतिहास काही वेगळं सांगतो. घराघरांतून बीट शतकानुशतकं विरजणाशिवाय आंबत आलं. आणि शुद्ध विरजण तयार करण्याची जी विद्या एकोणिसाव्या शतकात जन्मली, तिच्या सुरुवातीच्या प्रकरणातही एक बीटच होतं, पण ते घरातलं नव्हतं, कारखान्यातलं होतं. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्या की विरजणाच्या प्रश्नाचं उत्तर आपोआप सापडतं.

सुरुवात पूर्व युरोपातून करू. पोलंड, युक्रेन, लिथुआनिया, रशिया या पट्ट्यात हिवाळा लांब आणि कडक. कोबी, बीट, काकडी मिठात मुरवून ठेवली नाही तर चार महिने ताटात आंबट-ताजं काही येत नाही. आज ‘बोर्श’ म्हटलं की बीटाचं लाल सूप डोळ्यांपुढे येतं. पण हा शब्द मुळात बीटाचा नाही. हॉगवीड नावाच्या एका रानटी झाडाचं ते स्लाव्ह भाषांतलं नाव. त्याची पानं-देठं पाण्यात आंबवायची आणि त्या आंबट पाण्याचं सूप करायचं, हा जुना प्रकार. पुढे बीटाने त्या झाडाची जागा घेतली, नाव तेच राहिलं. म्हणजे लोकांना हवा होता आंबटपणा. तो कुठल्या पाल्यातून येतो ही नंतरची गोष्ट.

पोलिश लेखक मिकोवाय रेय याने १५६८ साली एका सद्गृहस्थाच्या जीवनावर ग्रंथ लिहिला. त्यात बीट मुरवण्याची कृती आहे, आणि मुरलेल्या बीटाचं पाणीही फार चवदार लागतं असा उल्लेख आहे. त्या पाण्याला पोलिशमध्ये ‘झाक्वास’ म्हणतात. त्यातला ‘क्वास’ म्हणजे आंबवलेलं. व्युत्पत्तिकोशांत हा शब्द संस्कृत ‘क्वथ्’शी जोडलेला सापडतो, ज्यातून क्वाथ आणि आपला काढा आला. असो.

आता खरी गंमत पाहा. पोलंडमधल्या अनेक ख्रिस्ती घरांत झाक्वास करताना बरणीत राय धान्याच्या आंबट पावाचा एक तुकडा टाकत. आपल्या भाषेत हे विरजण झालं. त्याच गावात, कदाचित त्याच गल्लीत, ज्यू कुटुंबंही बीट आंबवत होती. त्याला ते ‘रोसल’ म्हणत, आणि ते खास पेसाह या सणासाठी असे. पेसाहला गहू, जव, राय यांपासून केलेलं, फुगलेलं-आंबलेलं काहीही घरात चालत नाही. मग पावाचा तुकडा कसा टाकणार? म्हणून ती मंडळी पुरीम सणाच्या सुमारास, म्हणजे पेसाहच्या साधारण महिनाभर आधी, नुसतं बीट आणि पाणी मडक्यात भरून झाकून ठेवत. सणापर्यंत ते आंबट, गडद लाल झालेलं असे.

प्रयोगशाळेत करतो तसा तुलनेचा प्रयोग इथे धर्माच्या नियमांमुळे आपसूक होऊन गेला. एका घरी पाव घालून, दुसऱ्या घरी पावाशिवाय. बीट दोन्हीकडे आंबलं. फरक पडला तो मुख्यतः वेळेत आणि चवीत.

याच सणाचा एक धागा थेट आपल्या कोकणापर्यंत येतो. कुलाब्याच्या म्हणजे आजच्या रायगडच्या किनाऱ्यावर शतकानुशतकं राहिलेले, मराठी बोलणारे बेने इस्राएल लोक पेसाहला पूर्वी ‘अनाशी ढाकाचा सण’ म्हणत. अनास म्हणजे आंबट कालवण ठेवायचं मातीचं भांडं. सणाच्या दिवसांत ते झाकून ठेवायचं, म्हणून हे नाव. पोलंडात पेसाहला आंबट मडकं उघडत, कोकणात तेच झाकत! दोन्हीकडे एक गोष्ट सारखी: भांड्यात काहीतरी आपोआप जिवंत होतं, हे लोकांना पक्कं ठाऊक होतं. ते काय असतं, एवढंच ठाऊक नव्हतं.

ते कळलं कसं, यासाठी फ्रान्सला जावं लागेल, आणि वाटेत साखरेचं थोडं राजकारण. १७४७ साली बर्लिनमध्ये आंद्रेआस मार्गग्राफ या रसायनशास्त्रज्ञाने दाखवलं की बीटातून निघणारी साखर आणि उसाची साखर एकच आहे. त्याचा शिष्य फ्रान्झ कार्ल आखार्ड याने पांढऱ्या जातीचं बीट निवडून १८०१-०२ च्या सुमारास सायलेशियात बीटसाखरेचा कारखाना उभा केला. त्यानंतर ब्रिटनशी चाललेल्या युद्धामुळे युरोपात कॅरिबियन उसाची साखर येणं अवघड झालं, आणि १८११ साली नेपोलियनने फ्रान्समध्ये ३२,००० हेक्टरवर बीट लावण्याचा हुकूम काढला. उत्तर फ्रान्स बीटाचा मुलूख झाला. पुढे १८५० च्या दशकात द्राक्षवेलींवर भुरी पडली, वाइन आणि तिच्यापासूनची दारू महागली, तशा बीटाच्या रसापासून अल्कोहोल काढणाऱ्या भट्ट्याही तिथे वाढल्या.

लिल शहरात अशी एक भट्टी बिगो नावाच्या उद्योजकाची होती. १८५६ साली त्यांच्या काही पिंपांत अल्कोहोल कमी आणि आंबटपणा जास्त, असं होऊ लागलं. माल वाया जात होता. त्यांचा मुलगा लिलच्या विज्ञान विद्याशाखेत शिकत होता, आणि तिथला अधिष्ठाता होता लुई पाश्चर. तेव्हा तो तिशीत होता, स्फटिकांवर काम करणारा रसायनशास्त्रज्ञ. तो भट्टीत गेला, पिंपांतला रस आणून सूक्ष्मदर्शकाखाली पाहू लागला. चांगल्या पिंपात यीस्टचे गोल गोल कण दिसायचे. पिंप बिघडू लागलं की चित्र बदलायचं, लांबट आकार दिसायचे.

त्या काळी युस्टुस फॉन लीबिगसारख्या बड्या रसायनशास्त्रज्ञांचं मत होतं की किण्वन ही सडणाऱ्या पदार्थाची रासायनिक मोडतोड आहे. त्यात जिवंत कोणाचा हात नाही. पाश्चरने ऑगस्ट १८५७ मध्ये लिलच्या विज्ञान संस्थेपुढे आपला निबंध वाचला. विषय होता दुधाच्या आंबटपणाशी जोडलेलं लॅक्टिक किण्वन. आंबणाऱ्या द्रावणाच्या तळाशी राखाडी रंगाचा थोडा साका बसतो, तो त्याने उचलला, साखर घातलेल्या यीस्टच्या काढ्यात खडूची पूड टाकून त्यात सोडला. नवं द्रावणही तसंच आंबलं, आणि साका वाढला. पुन्हा थोडा उचला, पुन्हा सोडा, पुन्हा वाढेल.

मंडळी, हे काय झालं? आपल्या आज्या रोज रात्री करत होत्या तेच. विरजण लावलं त्याने. फरक एवढाच की आजीला दही हवं होतं आणि पाश्चरला पुरावा हवा होता: प्रत्येक प्रकारच्या किण्वनामागे आपापला वेगळा जीव असतो.

पण त्या साक्यातही अनेक जीव मिसळलेले असणार. एकच जात वेगळी कशी काढायची? जोसेफ लिस्टर, शस्त्रक्रियेत निर्जंतुकीकरण आणणारा इंग्रज डॉक्टर, याने आंबट दूध इतकं विरळ केलं की एका थेंबात सरासरी एखादाच जिवाणू यावा. १८७८ साली त्याने एका जिवाणूची शुद्ध वाढ मिळवल्याचं मांडलं. दुधाला आंबवणारा तो जिवाणू आज लॅक्टोकॉकस म्हणून ओळखला जातो. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सन याने बिअरचं शुद्ध यीस्ट वेगळं केलं. १८९० च्या सुमारास डेन्मार्कमध्येच व्हिल्हेल्म स्टॉर्श याने लोण्यासाठी साय आंबवण्याची शुद्ध विरजणं तयार केली. पाकिटातल्या विरजणाची वंशावळ ही अशी आहे.

या वंशावळीत एक गोष्ट ध्यानात घ्या. दूध असो वा बिअर, इथे कच्चा माल आधी तापवून घेता येतो. तापवला की त्यात आधीचे जीव फार थोडे उरतात, घर रिकामं होतं, आणि आपण आणलेला भाडेकरू निवांत राहतो. शिवाय कारखान्याला दर खेपेला तंतोतंत तीच चव आणि ठरल्या तासाला तयार माल हवा असतो. शुद्ध विरजण ही त्या गरजेची निर्मिती आहे.

कच्च्या बीटाचं तसं नाही. ते मातीतून वर येतं तेच पाहुणे घेऊन. किसलेल्या कच्च्या भाजीवर मीठ पडलं आणि हवा तुटली की तिथे पाळीपाळीने जीव येतात. कोबीच्या बाबतीत हा क्रम न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा इथल्या प्रयोग केंद्रात कार्ल पेडरसन याने १९३० च्या दशकात तपशीलवार लावला. आधी ल्यूकोनॉस्टॉक मेसेंटेरॉइडस नावाचा जिवाणू वाढतो, वायू सोडतो, थोडा आंबटपणा आणतो. मग त्यालाच तो आंबटपणा सोसत नाही आणि जास्त आम्ल सहन करणारे लॅक्टोबॅसिलस गटातले जिवाणू ताबा घेतात. शेवटी प्लँटारम ही जात काम पुरं करते. बीटातही मोठी माणसं हीच.

यातला पहिला पाहुणा, ल्यूकोनॉस्टॉक, बीटाच्या बरणीत एक खोडी करतो. घरी बीट आंबवणाऱ्यांनी पाहिलं असेल: तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी दाटसर होतं, चमच्याला तार सुटते. बरीच माणसं घाबरून बरणी ओतून देतात. हे कोबीत क्वचित का होतं? कोबीतली साखर बहुतेक ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असते. बीटातली साखर सुक्रोज, म्हणजे चहात घालतो तीच. ल्यूकोनॉस्टॉककडे एक विकर असतं. ते सुक्रोजमधला ग्लुकोजचा अर्धा भाग काढून घेतं आणि असे अनेक भाग एकापुढे एक ओवून लांब साखळी करतं. त्या साखळीचं नाव डेक्स्ट्रान. तार सुटते ती तिची.

बीटसाखरेच्या कारखान्यांना याच तारेने एकोणिसाव्या शतकात हैराण केलं होतं. नळ्यांत, गाळण्यांत बेडकाच्या अंड्यांसारखे बुळबुळीत गोळे साचायचे आणि काम थांबायचं. १८७८ साली खार्किवमध्ये त्सेन्कोव्स्की या वनस्पतिशास्त्रज्ञाने या गोळ्यांमागचा जीव ओळखला, आणि त्याच वर्षी फ्रान्समध्ये व्हान तिगेम याने त्याला ल्यूकोनॉस्टॉक हे नाव दिलं. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांत काम केलेल्यांना हा जीव अनोळखी नाही. ऊस तोडल्यावर गाळपाला उशीर झाला की शिळ्या उसात हेच डेक्स्ट्रान वाढतं, रस चिकट होतो आणि साखरेचा उतारा घटतो.

हीच तार पुढे दवाखान्यात गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्वीडनमध्ये उप्साला इथे ब्यर्न इंगेलमन हा संशोधक बीटाच्या रसातल्या या चिकट पदार्थावर काम करत होता. त्याने आणि अँडर्स ग्रनवॉल याने १९४४ मध्ये मांडलं की योग्य लांबीचं डेक्स्ट्रान शिरेतून दिलं तर रक्तस्राव झालेल्या रुग्णाच्या रक्तवाहिन्यांतलं द्रव टिकवून धरता येईल. फार्मेशिया कंपनीने काही वर्षांतच त्यापासून मॅक्रोडेक्स हे औषध बाजारात आणलं. कारखान्यात शत्रू, दवाखान्यात मदतनीस, आणि पोलंडच्या आजीच्या मडक्यात पहिल्या आठवड्याचा पाहुणा: जीव एकच. त्याला चांगला-वाईट आपण ठरवतो, आपल्याला त्याच्याकडून काय हवं आहे त्यावरून.

आता आपल्या देशात येऊ. आंबट पेयं आपल्याला नवी नाहीत. चरकसंहितेत जवापासून केलेली सौवीर आणि तुषोदक ही आंबवलेली पेयं आहेत, धान्याम्ल आहे. कांजी हा शब्द मात्र देशभर वेगवेगळे वेष घालून फिरतो. केरळात तो म्हणजे भाताची पेज. मराठीत कांजी म्हणजे पेजही आणि कपड्यांची खळही. उत्तरेत, दिल्ली-पंजाब-उत्तर प्रदेशात, कांजी म्हणजे काळ्या गाजराचं आंबट-तिखट पाणी, होळीच्या सुमाराला उन्हात ठेवून केलेलं. काळी गाजरं मिळाली नाहीत की लाल गाजरं घेतात आणि रंगासाठी बीट घालतात. त्यात विरजण नसतं. असतं मीठ, आणि मोहरीची भरड. मोहरी पाण्यात भिजली की नाकात जाणारं तिखट तेल सुटतं. ते बुरशी आणि यीस्ट यांना आवर घालतं, तर लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू ते बऱ्यापैकी सोसतात. कांजीतली मोहरी अशी दाराशी उभी राहून कोणाला आत सोडायचं ते बघते.

मी इंदूरला राहते. गेल्या डिसेंबरात मी घरी चार बरण्या भरल्या. सगळ्यांत तेच कच्चं बीट, तेच पाणी, तेवढंच मीठ. पहिलीत आणखी काही नाही. दुसरीत दोन चमचे चक्क्याचं पाणी. तिसरीत मागच्या बरणीचं अर्धी वाटी पाणी. चौथीत मोहरीची भरड. रोज पीएचच्या पट्टीने आंबटपणा पाहिला. तिसरी बरणी सगळ्यांच्या पुढे पळाली, कारण त्या पाण्याबरोबर जिवाणूही आले आणि तयार आम्लही आलं. पहिलीला चौथ्या दिवशी तार सुटली आणि दहाव्या दिवसापर्यंत ती विरळ झाली. चक्क्याच्या पाण्याची बरणी पहिलीच्या थोडीच पुढे होती. यात नवल नाही. दह्यातले बरेच जिवाणू दुधातल्या साखरेवर आणि उबेवर वाढलेले. थंडीतल्या बीटाच्या बरणीत ते परक्या गावी आल्यासारखे असतात. तीन आठवड्यांनी घरच्यांना चारही पेले दिले. मोहरीचा पेला सगळ्यांनी ओळखला. बाकी तीनांत तिसरा थोडा सपाट, नुसता आंबट वाटला, कारण जुन्या पाण्यातून शेवटच्या पाळीचे जिवाणू थेट आले आणि पहिल्या पाळीचं काम, तो सुगंध, राहून गेला. एका घरच्या चार बरण्यांनी काही सिद्ध होत नाही, पण इतिहासात जे वाचलं त्याच्याशी ते जुळलं.

मग विरजण कधी घालावं? बीट उकडलेलं असेल तर जरूर घालावं, कारण उकळीत त्याचे स्वतःचे पाहुणे गेलेले असतात. आपल्याकडे बीट उकडायची सवय आहे, म्हणून हे मुद्दाम सांगते. खोली फार उबदार असेल, घाई असेल, तर आधीच्या चांगल्या बरणीचं पाणी घालावं. बीट हे मातीतलं कंदमूळ आहे. पाणी लवकर आंबट होणं आणि पीएच ४.६ च्या बराच खाली जाणं हेच घातक जिवाणूंपासूनचं खरं संरक्षण आहे, आणि जुनं पाणी ती पहिली पायरी पटकन चढवतं. पण कच्चं, नीट धुतलेलं, अगदी जाड न सोललेलं बीट असेल तर अर्धा किलो बीट, अर्धा लिटर पाणी आणि २० ते २५ ग्रॅम मीठ पुरे. फोडी पाण्याखाली बुडालेल्या हव्यात. वर रंगीत, केसाळ बुरशी आली किंवा कुजका वास आला तर सगळं टाकून द्यायचं, चव घेऊन बघायचं नाही.

१ जुलै २०२२ रोजी युनेस्कोने युक्रेनमधली बोर्श करण्याची परंपरा तातडीने जपायच्या वारशांच्या यादीत घेतली. युद्धामुळे लाखो माणसं घरं सोडून गेली होती. बोर्शचे जिवाणू कुठे हरवले नव्हते; ते कुठल्याही बाजारातल्या बीटावर आहेत, इंदूरच्याही. धोक्यात आली होती ती एकत्र बसून करण्याची, शिकवण्याची सवय. दह्याचा वारसा वाटीतून जातो. बदली होऊन नव्या गावी गेलो की शेजारच्या काकूंकडे विरजण मागायला जातो, आणि ओळख तिथून सुरू होते. बीटाचा वारसा मात्र हातातून जातो: किती मीठ, किती दिवस, कुठला वास बरोबर. तो पाकिटात येत नाही. ज्याला येतो त्याच्या शेजारी उभं राहून शिकावा लागतो, आणि आपल्याला आला की कोणाला तरी शेजारी उभं करून शिकवावा लागतो.

पुढच्या भागात मिठाकडे वळू. तोवर एक बरणी भरून ठेवा.